वाचकांचे प्रश्न : जुन्या नाण्यात नक्की कसला धातू मिसळलाय?

मागच्या अंकात घरातली जुनी नाणी कशी जपायची यावर दोन पानं दिली होती, त्यावर आलेली पत्रं मात्र बहुतेक सगळी धातूबद्दलच आहेत. हे चांदीचं आहे का, सोनार घेत का नाही, रंग असा विचित्र का, याला चुंबक का चिकटतं वगैरे. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत. उत्तरांआधी एक गोष्ट सांगायची आहे, नाण्यात दुसरा धातू सापडला की आपण लगेच भेसळ म्हणून मोकळे होतो, पण बहुतेक वेळा तो मिश्रधातू म्हणजे त्या राज्याकडे त्या वर्षी काय होतं आणि काय नव्हतं याचा लेखी नसलेला हिशेब असतो. मला तर चोख सोन्याच्या मोहरेपेक्षा ही मिश्र नाणी जास्त बोलकी वाटतात.

प्रश्न : मामांच्या शेतात नांगरताना करड्या-काळपट रंगाची काही नाणी निघाली. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आहे, दुसऱ्या बाजूला अधिकचं चिन्ह आणि त्याच्या टोकांना चार गोळे. सोनार म्हणाला तांबं नाही, चांदी पण नाही, फेकून द्या. खरंच काहीच किंमत नाही का? (वाशिमहून एक वाचक)

अजिबात फेकू नका! तुम्ही वर्णन केलंय ते चार गोळ्यांचं चिन्ह म्हणजे उज्जैन चिन्ह, आणि त्याच्यासोबत सोंड वर केलेला हत्ती म्हणजे नाणं सातवाहनांचं असण्याची शक्यता खूप जास्त. कोणत्या राजाचं ते हत्तीभोवतीची ब्राह्मी अक्षरं वाचल्यावर कळेल. आणि तुमच्या भागात असं सापडणं नवीन नाही, मंगरुळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला होता, दीड हजाराच्या वर नाणी, आणि इतिहास-संशोधक वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास केला. त्या साठ्यामुळे सातवाहन राजांच्या यादीत काही नावं पक्की झाली, म्हणजे सोनाराच्या लेखी कवडीमोल असलेल्या धातूने केवढं काम केलंय बघा.

तो धातू म्हणजे पोटिन. तांबं, त्यात भरपूर कथील, त्यात शिसं, कधी थोडंफार आणखी काही. आपल्या काशाच्या भांड्यातही तांबं-कथीलच असतं पण पोटिनमध्ये शिसं सढळ हाताने घातलेलं असतं. त्याने काय होतं तर तांबं एकटं वितळवायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, कथील २३२ ला आणि शिसं ३२७ ला वितळतं, त्यामुळे हे मिश्रण कमी आचेवर पातळ होतं, साच्यात छान पसरतं आणि भट्टीचा कोळसा वाचतो. पण शिसं तांब्यात विरघळून एकजीव होत नाही, थंड झाल्यावर बारीक गोळ्या होऊन वेगळं बसतं, म्हणून असं नाणं तुटलं तर आतला भाग रवाळ दिसतो आणि तुटतंही पटकन. कथील जास्त झालं की तांब्याचा लालपणा जाऊन करडा-पांढरट रंग येतो. नवं असताना हे नाणं बऱ्यापैकी उजळ दिसत असणार, दोन हजार वर्षं काळ्या मातीत राहिल्यावर आता ओळख लागत नाही एवढंच.

सातवाहनांनी नुसत्या शिशाचीही पुष्कळ नाणी पाडली. त्या काळी शिशाची नाणी इतक्या मोठ्या प्रमाणात वापरणारं राजघराणं दुसरीकडे सहज सापडत नाही. आणि गंमत अशी की शिसं आपल्याकडे मुबलक होतं असंही नाही. रोमचा प्लिनी लिहून गेलाय की हिंदुस्थानात तांबं आणि शिसं नाही, ते लोक रत्नं आणि मोती देऊन ते विकत घेतात. ‘पेरिप्लस’ नावाच्या समुद्रप्रवासाच्या जुन्या ग्रीक माहितीपुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालात तांबं, कथील आणि शिसं तिन्ही दिलेत. म्हणजे पैठणच्या, तेरच्या बाजारात भाजीपाल्याला चालणाऱ्या नाण्यातला धातू कदाचित जहाजातून येऊन, बंदरातून घाट चढून आलेला. चांदीची गरज पडली तेव्हा गौतमीपुत्र सातकर्णीने काय केलं ते नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यात दिसतं. त्याने हरवलेल्या क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने सरळ स्वतःचा ठसा मारलेला. नवी चांदी आणायची कटकटच नाही.

आता कामाचं. जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, मामांना तेवढं करायला सांगा आणि कोणत्या शेतात, किती खोल, सोबत मडकं होतं का हे लिहून ठेवा. चिंच, लिंबू, तेजाब काही लावू नका. आणि शिशाचं नाणं असलं तर लाकडी किंवा प्लायवूडच्या कपाटात बंद करून ठेवू नका, लाकडातून आम्लाची वाफ निघत राहते आणि शिशावर पांढरी पूड धरून नाणं खाऊन टाकते. हाताळल्यावर हात धुवा.

प्रश्न : आजीच्या पेटीत जॉर्ज राजाचे रुपये मिळाले, काही १९१९-२० चे, काही १९४२ आणि १९४४ चे. सराफाने जुन्यांना चांगला भाव सांगितला आणि नंतरच्यांना जवळजवळ निम्मा. वजन तर सारखंच भरतंय. फसवतोय का? (साताऱ्याहून एक ताई)

नाही ताई, सराफ बरोबर सांगतोय.

राणीछाप रुपयापासून पुढे कलदार रुपयाचं माप ठरलेलं होतं, १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणूनच तर रुपयाभार म्हणजे एक तोळा. त्यात बारा भागातले अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. तांबं घालायचं कारण चोख चांदी मऊ पडते, हातोहात फिरून लवकर झिजते. हे प्रमाण शंभर वर्षांहून जास्त टिकलं, आणि लोकांचा रुपयावर जीव होता तो या प्रमाणामुळे.

पहिला धक्का पहिल्या महायुद्धात बसला. चांदीची मागणी आणि भाव दोन्ही चढले, लोक रुपये गाडग्यात घालून पुरायला लागले, सरकारने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली तरी भागेना. शेवटी १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून स्वतःच्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली, साधारण २० कोटी औंस. तुमच्या १९१९-२० च्या रुपयांचा काळ अगदी हाच आहे, त्यांच्यात एखाद्या वितळलेल्या अमेरिकन डॉलरची चांदी असणं सहज शक्य आहे. त्या धावपळीत रुपया वाचला पण चिल्लर गेली, चवली (दोन आणे), पावली (चार आणे) आणि अधेली (आठ आणे) तांबं-निकेलच्या मिश्रधातूत निघाल्या, चवली चौकोनी आणि पावली अष्टकोनी. अधेली थोड्याच काळात मागे घ्यावी लागली कारण खोट्या अधेल्या बाजारात आल्या. आठ आणे ही तेव्हा लहान रक्कम नव्हती, एवढ्या किमतीला स्वस्त धातू दिला की खोटं पाडणाऱ्याला परवडतंच.

दुसऱ्या महायुद्धात मात्र रुपयालाच हात घालावा लागला. १९४० पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. चार धातूंचा हा मिश्रधातू इथे शोधलेला नाही, इंग्लंडने पहिल्या युद्धानंतर १९२० मध्ये आपली चांदी अशीच निम्म्यावर आणली होती आणि त्यांची सुरुवातीची नाणी थोडी झिजली की घाणेरडी पिवळट दिसायला लागली, लोकांच्या तक्रारी आल्या, मग वेगवेगळी मिश्रणं करत करत १९२७ मध्ये ते या चार धातूंच्या प्रमाणावर येऊन थांबले. अर्धी चांदी अर्धं तांबं घेतलं की तांबडा-पिवळा रंग लपत नाही, तिथे निकेल पांढरेपणा आणतं. जस्ताने ओतकाम स्वच्छ होतं, वितळलेल्या रसातला ऑक्सिजन ते ओढून घेतं. तेच प्रमाण आपल्या रुपयाला आलं. तुमच्या १९४२ च्या रुपयाची कड नीट बघा, दातेऱ्यांच्या मधोमध एक खोलगट पट्टी फिरलेली दिसेल. ती खोटं नाणं अडवायला मुद्दाम घातलेली आहे, कारण चांदी निम्मी झाल्यावर खोटं पाडण्यात फायदा वाढला ना! मला ती कड फार आवडते, टांकसाळीतल्या माणसांनी किती बारीक विचार केला होता ते तिथे दिसतं.

पण लोकांना कळायचं ते कळलंच. ज्याच्या हातात जुना रुपया आला तो त्याने घरात ठेवला आणि नवा बाजारात चालवला. १९४० मध्ये एक रुपयाची नोट परत आली, राणीछाप रुपये सरकारने चलनातून काढून घेतले. अमेरिकेकडून परत चांदी आली, यावेळी उसनी, साधारण २२ कोटी ६० लाख औंस, आणि ती युद्धानंतर चांदीतच परत करायची होती. म्हणून १९४७ मध्ये चांदी पूर्णच गेली आणि शुद्ध निकेलचा रुपया आला, मागे वाघ असलेला. तोही आजीच्या पेटीत असेल तर बघा.

घरच्या घरी खात्री करायची असेल तर सोपं आहे, नाण्याला काही होत नाही. शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. नाण्याचं कोरडं वजन लिहा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, आणि काटा किती दाखवतो ते बघा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. जुन्या रुपयाचं उत्तर १०.३ च्या आसपास येईल, १९४० नंतरच्याचं ९.५ च्या आसपास. नाणं झिजलेलं असलं तरी चालतं कारण भागाकार बदलत नाही. कसोटीच्या दगडावर एकदाच घासून मात्र ठरवू नका, हिणकस चांदीच्या नाण्याचा वरचा पापुद्रा आतल्यापेक्षा जास्त चांदीचा असू शकतो आणि पहिली रेघ खोटं बोलते.

हिशेबाला, जुन्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम चांदी, नंतरच्यात ५.८ ग्रॅम. विकायलाच हवेत असं नाही ताई, पण विकणार असाल तर वर्ष आणि टांकसाळीची खूण एकदा जाणकाराला दाखवा, काही वर्षांची नाणी दुर्मिळ असतात आणि ती वजनावर देऊन टाकलीत तर हळहळ वाटेल.

प्रश्न : निकेल १७५१ मध्ये शोधलं गेलं असं केमिस्ट्रीच्या पुस्तकात आहे. मग इसवी सनापूर्वीच्या ग्रीक राजांची निकेलची नाणी होती असं वाचलं ते खोटं का? (पुण्याहून एक विद्यार्थी)

दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच हा विषय इतका भारी आहे. आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तरेला बॅक्ट्रिया नावाचं ग्रीक राज्य होतं, तिथल्या दुसरा युथिडेमस, पँटालिऑन आणि अगॅथोक्लीस या राजांनी इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तांबं-निकेलची नाणी पाडली. युथिडेमसच्या नाण्यावर अपोलो आणि मागे तिपाई, बाकी दोघांच्यावर डायोनायसस आणि बिबट्या. अगॅथोक्लीस म्हणजे ज्याच्या चांदीच्या नाण्यांवर वासुदेव आणि संकर्षण दिसतात तोच. १८६८ साली वॉल्टर फ्लाइट नावाच्या रसायनतज्ञाने युथिडेमसच्या नाण्याचं पृथक्करण केलं आणि निकेल साधारण पाचवा भाग निघालं. आपल्याकडे पुढे आण्या-पैशाला जो धातू वापरला त्याच्या अगदी जवळचं प्रमाण!

निकेल वेगळा धातू आहे हे स्वीडनच्या क्रॉनस्टेटने १७५१ मध्ये दाखवलं, पण धातू ओळखणं वेगळं आणि वापरणं वेगळं. ज्या खनिजात तांबं आणि निकेल एकत्र असतं ते भट्टीत घातलं तर बाहेर पांढरं तांबंच येणार, भट्टीवाल्याला त्यात दुसरा धातू आहे हे माहीत असायची गरज नाही, एका विशिष्ट खाणीच्या दगडातून पांढरा धातू येतो एवढं माहीत असलं की झालं.

ती खाण कुठली यावर मात्र दीड शतक वाद चाललाय. चीनच्या युन्नान भागात नंतरच्या काळात पांढरं तांबं बनायचं, त्यामुळे धातू तिकडून आला असं बऱ्याच जणांनी मांडलं. त्यांच्या बाजूने एक छान पुरावा आहे, झांग च्यान नावाचा चिनी राजदूत इ.स.पूर्व १२८ च्या सुमाराला बॅक्ट्रियात पोचला तर तिथल्या बाजारात त्याला चीनच्याच नैऋत्य भागातला बांबू आणि कापड दिसलं, विचारलं तर म्हणाले हिंदुस्थानातून येतं. म्हणजे माल फिरत होता. पण बांबू दिसला म्हणून निकेल आलंच असं होत नाही, राजदूताने धातूचा उल्लेखच केलेला नाही आणि चिनी पांढऱ्या तांब्यात पुढे जस्तही असायचं ते या नाण्यांत नाही. मला स्वतःला जवळचीच एखादी खाण जास्त पटते. काही राजे झाले आणि हा धातू अचानक बंद झाला, यावरूनही वाटतं की छोटा साठा होता तो संपला.

त्यानंतर जगात कुणी असं नाणं पाडलं ते थेट एकोणिसाव्या शतकात, बेल्जियमने १८६० च्या सुमारास, मग अमेरिकेने, जर्मनीने. आपल्याकडे १९०६ च्या कायद्याने एक आण्याचं नागमोडी कडेचं नाणं आलं ते याच धातूचं.

प्रश्न : जगातलं पहिलं नाणं सोन्याचं होतं की चांदीचं? (डोंबिवली)

दोन्हीचं. आजच्या तुर्कस्तानात लिडिया नावाचं राज्य होतं, राजधानी सार्डिस, तिथून वाहणाऱ्या पॅक्टोलस नदीच्या वाळूत सोनं मिळायचं आणि त्या सोन्यात निसर्गतःच चांदी मिसळलेली असायची. त्या मिश्रणाला इलेक्ट्रम म्हणतात. इ.स.पूर्व सातव्या शतकात त्याचे गोळे वजन करून त्यांच्यावर सिंहाच्या तोंडाचा छाप मारायला सुरुवात झाली. आता खरी मेख अशी की नदीतल्या सोन्यात चांदी बरीच कमी, आणि सिंहछाप नाण्यात सोनं जेमतेम ५५ टक्क्यांच्या आसपास आणि थोडं तांबं. म्हणजे वरून चांदी घातलेली आहे आणि रंग सांभाळायला तांबं. पहिल्याच नाण्यापासून टांकसाळीने मिश्रण ठरवून केलंय! शिक्का नसता तर प्रत्येक गोळ्यात सोनं किती हे प्रत्येक व्यापाऱ्याला तपासत बसावं लागलं असतं, शिक्का असला की राजा म्हणतो ती किंमत.

पुढे इ.स.पूर्व सहाव्या शतकात क्रीसस राजाने सोनं आणि चांदी वेगळी करून दोन स्वतंत्र नाणी काढली. हे वेगळं करायचं कसं तेही सापडलंय, सार्डिसच्या उत्खननात १९६० च्या दशकात त्याचा कारखाना मिळाला. सोन्याचे पातळ पत्रे मडक्यात मिठाचे थर देऊन रचायचे आणि न वितळवता बराच वेळ तापवायचे, मिठामुळे चांदी क्लोराइड होऊन निघून जाते आणि पत्रा चोख होतो.

प्रश्न : आजोबांकडे एक मऊसर, राखाडी पोर्तुगीज नाणं आहे, नखाने ओरखडा उठेल असं वाटतं. हे खेळातलं आहे का? (फोंड्याहून एक वाचक)

खेळातलं नसावं. गोव्यात पोर्तुगीजांचं सगळ्यात लहान नाणं म्हणजे बझारूक, नावाप्रमाणे बाजारहाटाचं. आधी ते तांब्याचं असायचं, पुढे कथलाचं आणि तुतेनागाचंही निघालं. तुतेनाग म्हणजे पूर्वेकडून, मुख्यतः चीनमधून जहाजाने येणारं जस्त किंवा जस्ताचं मिश्रण, व्यापारी दोन्हीला तेच म्हणायचे. गोवा, दीव आणि वसई-चौल भागासाठी अशी नाणी पाडली गेली. तांबं महाग, आणि मासळीबाजारात लागणारी चिल्लर तर ढिगाने लागते, तिथे कवड्यांशी स्पर्धा असते, मग हा स्वस्त धातू सोयीचा.

मुंबईतही तेच. बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात १६६८ मध्ये आलं आणि १६७२ च्या सुमाराला इंग्रजांनी नाणी काढली तेव्हा तांब्याचं कॉपरून आणि कथलाचं टिनी. शेजारी गोव्या-वसईत जे चालतं तेच लोक घेणार, त्यामुळे बझारूकांच्याच धर्तीवर.

जस्ताबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा धातू ९०७ अंशाला वाफ होऊन उडून जातो, खनिज तापवलं तरी हाती काही येत नाही, म्हणून युरोपला तो नीट काढायला अठरावं शतक उजाडावं लागलं. पण उदयपूरजवळ जावरला त्याच्या कित्येक शतकं आधी मोठ्या प्रमाणावर जस्त निघत होतं, वांग्यासारख्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या लावायच्या आणि वाफ खाली नळीत उतरवून थंड करायची. त्या वापरलेल्या मुशींचे ढिगारे आजही तिथे उभे आहेत.

नाणं कोरड्या जागी ठेवा, कोकणातल्या खाऱ्या हवेत जस्त फार लवकर खराब होतं. घासू नका, कथील-जस्तावरचा ठसा एकदा पुसला की गेला.

प्रश्न : दौलताबादला सोन्यासारखं दिसणारं अरबी-फारसी अक्षरांचं नाणं मिळालं असं एकजण विकायला आणतोय. सोनं समजून घ्यावं का? (छत्रपती संभाजीनगर)

दादा, सोनं समजून तर बिलकुल नको. मुहम्मद तुघलकाने साधारण १३२९ ते १३३२ या काळात पितळेची आणि तांब्याची नाणी टंका या चांदीच्या नाण्याच्या किमतीने चालवायचा हुकूम काढला होता, त्यातली दौलताबाद टांकसाळीचीही आहेत, कारण राजधानी तेव्हा इकडे आणलेली. त्यावर चक्क लिहिलंय की जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो. आपल्या नाण्याची किंमत धातूत नाही हुकुमात आहे हे त्याला ठाऊक होतं म्हणूनच असा मजकूर घालावा लागला. कल्पना वेडी नव्हती, चीनमध्ये कागदाचा पैसा चालत होता. फसली कुठे तर पितळ कुणालाही मिळतं आणि ठसा कुणीही कोरू शकतो. बरनी या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे घरोघर टांकसाळी सुरू झाल्या. शेवटी सुलतानाने सगळी नाणी खजिन्यात घेऊन बदली सोनं-चांदी दिली, खरी आणि खोटी दोन्हींच्या बदल्यात, आणि तुघलकाबादला पितळेचे ढीग पडले. त्या खोट्यांतली बरीच आजही बाजारात आहेत आणि वर आत्ताची नवी खोटीही आहेत. शिवाय खरंच जमिनीतून निघालेलं असेल तर वर वाशिमच्या वाचकांना सांगितलेला कायदा इथेही लागू आहे. मी असते तर घेतलं नसतं.

प्रश्न : कमळाच्या पिवळ्या वीस पैशात सोनं असतं हे खरं का? (कल्याण)

नाही. १९६८ पासून निघालेलं ते पितळेच्या जातीचं नाणं आहे, गांधीजींचं १९६९ चं वीस पैसे ब्राँझच्या जातीचं. सोन्याचा कणही नाही. पाच-दहा हजारांना विकणाऱ्यांपासून लांब राहा.

प्रश्न : इथे अमेरिकेत मुलाला १९४३ चं पाच सेंटचं नाणं मिळालं, बाकीच्यांपेक्षा काळपट दिसतं. (न्यू जर्सीहून एक आई)

मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर मोठं इंग्रजी अक्षर आहे का बघा, पी, डी किंवा एस. असेल तर ते युद्धकाळातलं आहे. निकेल चिलखती पोलादाला हवं होतं म्हणून १९४२ ते १९४५ मध्ये त्यातून निकेल काढून टाकलं आणि ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी, ९ टक्के मँगनीज असं मिश्रण केलं. म्हणजे आपल्या रुपयातली चांदी कमी होत होती त्याच वर्षांत तिकडे पाच सेंटमध्ये चांदी घातली जात होती! काळपटपणा मँगनीजमुळे येतो, डाग नाही तो. त्याच १९४३ चा एक सेंट तर जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा आहे, तांबं काडतुसांना गेलं म्हणून. मुलाला तोही शोधायला लावा, चुंबकाला चिकटतो.

प्रश्न : चुंबकाला चिकटलं म्हणजे नाणं लोखंडाचं, असं शाळेत मित्र सांगतात. माझा वाघाचा रुपया चिकटतो. तो खोटा आहे का? (कोल्हापूर, इयत्ता आठवी)

खोटा नाही, छान रुपया आहे तुझा. १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल लोखंडासारखंच चुंबकाला चिकटतं. पण तेच निकेल पाव भाग आणि तांबं पाऊण भाग असं मिसळलं की चिकटत नाही, बाबांकडे १९८०-८५ चा जुना मोठा रुपया असेल तर लावून बघ. १९८८ पासून दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे स्टेनलेस स्टीलचे झाले आणि १९९२ पासून रुपयाही, ते चिकटतात कारण त्यात लोखंड आणि साधारण १७ टक्के क्रोमियम आहे, निकेल नाही. घरातलं स्टीलचं ताट बऱ्याचदा चिकटत नाही कारण त्याच्या स्टीलमध्ये निकेल घातलेलं असतं. हा उलटा प्रकार का होतो ते अणूंच्या रचनेत आहे, अकरावीत येईल, तोपर्यंत घरातली सगळी नाणी चुंबकाने वेगळी कर, प्रत्येक ढिगातल्या नाण्यांची वर्षं लिही आणि आम्हाला पाठव, वीस रुपयाच्या नव्या नाण्याची बाहेरची कड आणि मधला भाग दोन्ही वेगवेगळे तपास.